जजसाहेबांना विसरलेलं मशीन

१

पत्र हातात पडलं तेव्हा ताई उभी होती. वाचून झालं तशी ती मटकन खाली बसली. मागे खुर्ची आहे की नाही, हेही तिनं पाहिलं नाही. नशीब, होती.

पत्र मोठ्या कंपनीचं होतं. जिचे कॉम्प्युटर शाळेपासून बँकेपर्यंत सगळ्या टेबलांवर दिसतात, त्या कंपनीचं. मजकूर गोड होता आणि गोडीत सुरी होती. तुम्हाला विश्वासानं दिलेल्या चाचणीच्या मशीनच्या वेगाचे आकडे रविवारी सकाळी एका संकेतस्थळावर झळकले आहेत. सोबत मशीनचा क्रमांकही आहे आणि तो तुमचाच आहे. मशीन परत का मागवू नये, ते आजच कळवा.

आता हे मशीन म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. कंपनी आपल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा प्रोसेसर, म्हणजे त्यांचा मेंदूच म्हणा, बदलायला निघाली होती. दुकानात माल यायच्या आधी काही निवडक प्रोग्रामवाल्यांना पैसे भरून एकेक कच्चं मशीन मिळणार होतं. त्यावर आपला प्रोग्राम नव्या मेंदूला शिकवायचा आणि काम झालं की मशीन परत करायचं. अटी ढीगभर. झाकण उघडायचं नाही, फोटो काढायचा नाही, वेगाबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही. करार वाचून छोटू म्हणाला होता, "ताई, हे मशीन आईलासुद्धा दाखवायचं नाही बरं का. नाहीतर आईला अटक."

जुने प्रोग्राम नव्या मशीनवर चालणार होते, नाही असं नाही. पण मध्ये एक दुभाष्या बसवलेला होता. जुन्या भाषेतला हुकूम ऐकायचा, नव्या भाषेत सांगायचा, असा त्याचा कारभार. इतरांना तेवढा उशीर खपला असता. ताईचा प्रोग्राम मात्र पडद्यावरचं सगळं अंधांना वाचून दाखवायचा. दुभाष्या मध्ये आला की त्याचा आवाज फरफटायचा. बोट चौथ्या अक्षरावर आणि आवाज अजून पहिल्यावर. डोळसांनी असा कॉम्प्युटर दिवसभर वापरून बघावा, संध्याकाळी खिडकीतून फेकतील. म्हणून नवी मशीनं दुकानात येतील त्या दिवशी ताईचा नवा प्रोग्राम तयार हवा होता. नाहीतर ज्यांना दिसत नाही त्यांच्या घरी मुका डबा जाणार होता. आणि त्यासाठी हाताशी होतं ते हेच एक मशीन.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं मोजकी. मालकीण ताई. तिचा धाकटा भाऊ छोटू, जो दारातून वाकून आत यायचा तरी छोटूच होता आणि सगळा प्रोग्राम त्याच्या हातचा होता. एक विक्रीवाला. आणि जजसाहेब. निवृत्तीनंतर त्यांची नजर गेली. तेव्हापासून ते या प्रोग्रामचे पहिले गिऱ्हाईक, आणि आता फुकटचे परीक्षक. रविवार सोडून रोज यायचे, चुका काढायचे आणि सगळ्यांना झापायचे.

मशीन गेल्याच आठवड्यात आलं होतं. पहिल्या दिवशी जजसाहेब त्याच्यापुढे बसले, ताईनं आपलं खातं उघडलं, आणि मशीन सफाईनं बोललं, "या जजसाहेब, खुर्ची उजवीकडे आहे." म्हातारा एवढा खूश झाला! "कालचं पोर," म्हणाले, "आणि माणसं ओळखतंय!"

सोमवारी, ताई पत्र घेऊन बसली होती तेव्हा, पलीकडच्या खोलीत त्यांनी तेच मशीन, ताईच्याच खात्यावर, सुरू केलं. "प्रोग्राम सुरू झाला आहे," मशीन सावकाश, कोरड्या आवाजात म्हणालं.

"अरे, आज काय झालं याला?" जजसाहेब पुटपुटले. "विसरलं की मला!"

ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात एकच घुमत होतं. रविवार. रविवारी ऑफिस बंद. किल्ल्या दोनच, एक तिची आणि एक छोटूची. ती तडक जिना उतरली आणि चष्मेवाल्याला म्हणाली, "काल वर कुणी आलं होतं का?"

"छोटू आला होता की," चष्मेवाला म्हणाला.

पुढचं ऐकायला ताई थांबली नाही.

२

छोटूला तिनं सगळ्यांसमोर उभं केलं. ते तिनं एकटीनं, दार लावून करायला हवं होतं. पण राग आला की ताईच्या जिभेला लगाम राहत नसे, आणि त्याचं तिला थोडं कौतुकच होतं.

"का केलंस?" तिनं पत्र त्याच्यापुढे आपटलं.

छोटूनं पत्र वाचलं. त्याचा चेहरा उतरला, पण तो दचकला नाही. ताईनं त्यातूनच काय ते समजून घेतलं.

"दोन वर्षांपूर्वी अर्धवट प्रोग्रामचं चित्र चारचौघांत टाकलंस, मी पोटात घातलं. आता हे? जरा कुठे काही नवं हातात आलं की तुला मिरवायला हवं! लाज कशी वाटत नाही रे तुला?"

विक्रीवाला फाईलमध्ये डोकं खुपसून बसला. छोटूनं एकदा त्या मशीनकडे पाहिलं, एकदा ताईकडे. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण त्यानं ओठ मिटले. मग हळू आवाजात म्हणाला, "कंपनीला माझं नाव कळव. कामावरून काढलं म्हणून सांग. मशीन राहील."

खिशातली किल्ली टेबलावर ठेवून तो गेला.

ताईनं तसंच कळवलं. दोषी सापडला, त्यानं कबूल केलं, त्याला काढून टाकलं. दुपारी उत्तर आलं, ठीक आहे, मशीन ठेवा. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि मग तो श्वास टाकल्याची तिची तिलाच शरम वाटली. पण वाटली ती वाटली, तिनं तिकडे काणाडोळा केला.

"झालं का समाधान?" जजसाहेबांनी विचारलं.

"त्यानं कबूल केलंय, जजसाहेब."

"नुसती कबुली ऐकून शिक्षा ठोठावायची असती, तर मी निम्मी नोकरी घरी बसूनच केली असती, पोरी. माणूस कबुली दहा कारणांनी देतो. केलंय म्हणून देतो, हे त्यातलं एक." त्यांनी काठी आपटली. "त्या फाईलमागे दडलेल्या गृहस्थाला इकडे पाठव."

विक्रीवाला आला आणि न विचारताच घडाघडा बोलू लागला. एका मुख्याध्यापकांकडे त्यानं फुशारकी मारली होती. नव्या मशीनवर आमचा प्रोग्राम वाऱ्यासारखा धावतो म्हणून. "पण आकडे नाही दिले हो! मला आकडे कळत असते तर मी विक्रीत कशाला आलो असतो? आईशप्पथ, मॅडम!"

"त्या संकेतस्थळावर काय लिहिलंय, वाचलंत का?" जजसाहेबांनी विचारलं.

"वाचलं ना. लोक खो-खो हसतायत. एवढा गाजावाजा केला आणि नवं मशीन जुन्यापेक्षा मंद निघालं म्हणे."

"मंद?" जजसाहेबांनी मान तिरकी केली. "पोरी, मशीन खरंच मंद आहे?"

"छे हो! चांगलं दुप्पट वेगवान आहे."

"मग आकडे मंद कसे आले?"

ताईला उत्तर माहीत होतं, तोंडावर यायला मात्र वेळ लागला. "वेग मोजणारा प्रोग्राम जुना असेल तर. तोही दुभाष्यामार्फतच चालतो. मग मशीनचा वेग कळत नाही, दुभाष्याची दमछाक कळते."

"आणि मिरवायला निघालेला छोटू असा मोजेल?"

 छोटूनं मोजलं असतं तर आधी ते साधन नव्या प्रोसेसरसाठी बनवून घेतलं असतं, कौतुकानं चार वेळा चालवलं असतं आणि मग मोजलं असतं. दुभाष्यातून मोजायचं म्हणजे धावपटूला पोतं बांधून पळवायचं. ते छोटूनं केलं नसतं. दुसऱ्या कुणीही केलं असतं, त्यानं नाही.

"मला खाली घेऊन चल," जजसाहेब म्हणाले.

३

चष्मेवाला काच पुसत होता. जजसाहेबांना बघून लगबगीनं उठला. त्यांना चष्म्याचा उपयोग नव्हता, तरी दर खेपेला तो त्यांना एखादी चौकट हातात देऊन "वजन बघा साहेब, पिसासारखी" म्हणायचाच.

"रविवारी छोटू आला होता, असं तुम्ही सांगितलंत."

"हो साहेब."

"केव्हा?"

"दुपारी की. मी अर्धं शटर ओढून जेवायला बसलो होतो. पठ्ठ्या धापा टाकत आला, दोन-दोन पायऱ्या करत वर गेला."

"सकाळी नाही?"

"सकाळभर मी इथेच होतो साहेब, जिना माझ्यापुढूनच आहे. माशी गेली तरी दिसते. कुणी नव्हतं."

ताईच्या कानांत गरम वारा शिरल्यासारखं झालं. आकडे सकाळी झळकले होते. पत्रात तसं स्वच्छ लिहिलं होतं. ते तिनं दोनदा वाचलं होतं.

"परत जाताना काही बोलला?"

"मी विचारलं, काय रे एवढी घाई? तर म्हणाला, काही नाही, थोडा कचरा होता, काढून टाकला."

"हे तुम्ही ताईंना का नाही सांगितलंत?" जजसाहेबांचा आवाज एकदम न्यायालयातला झाला.

चष्मेवाल्यानं ताईकडे पाहिलं, मग हातातल्या काचेकडे. "त्यांनी विचारलं, कुणी आलं होतं का. मी सांगितलं. केव्हा, ते विचारायला थांबल्याच कुठे?"

जिना चढताना जजसाहेबांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या हाताचं ओझं तिला फार वाटलं.

"म्हणजे हात दोन आहेत," ते म्हणाले. "एकानं सकाळी आकडे पाठवले. दुसऱ्यानं दुपारी येऊन माग पुसला. दुसरा छोटू. पहिला कोण?"

"सकाळी इथे कुणीच नव्हतं."

"मशीन होतं," जजसाहेब म्हणाले.

४

ते मशीनपुढे बसले. सुरू केलं. पुन्हा तोच सावकाश, कोरडा आवाज. प्रोग्राम सुरू झाला आहे.

"पहिल्या दिवशी यानं मला खुर्ची दाखवली होती. आठवतं?"

"हो. ते बोलणं मी टाकलं होतं. तुम्ही यायला लागलात ना, तेव्हा. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर."

"जुन्यावर. मग नव्याला कुणी सांगितलं? मी नुसता भारावून गेलो, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. म्हातारपण! कुणी गोड बोललं की अक्कल गहाण."

"मी माझं सगळं खातं उचलून नव्यावर आणलं," ताई म्हणाली. "तशी सोय असते. एकेक गोष्ट परत कोण लावत बसणार? बिऱ्हाड हलवतात तसं सगळं एकदम..."

आणि ती थांबली.

"बोल," जजसाहेब हळूच म्हणाले. "त्या बिऱ्हाडात काय काय होतं?"

ताई उठली. स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. सामानाच्या तळाशी, कधीचं विसरलेलं, ते सापडलं. वेग मोजण्याचं साधन. जुना कॉम्प्युटर नवा होता तेव्हा तिनंच हौसेनं घेतलेलं. तिनंच लावलेली वेळ समोर दिसत होती. दर रविवारी सकाळी, कुणी काम करत नसताना, मोजा आणि संकेतस्थळावर पाठवा. इतकी वर्षं ते बिचारं इमानेइतबारे पाठवत होतं. बिऱ्हाडाबरोबर नव्या घरी गेलं आणि पहिल्याच रविवारी तिथूनही पाठवलं.

"आता चाचणीच्या मशीनवर बघ. तुझं खातं कसं आहे?"

तिनं पाहिलं. कोरं करकरीत. जुनं सगळं पुसून कुणीतरी नवं उघडून ठेवलं होतं. म्हणूनच मशीन जजसाहेबांना विसरलं होतं.

"आणि छोटूचं?"

छोटूचं खातं जसंच्या तसं होतं. गेल्या आठवड्यात त्यानं लिहिलेली ओळ न् ओळ जागेवर होती.

"स्वतःचं पाप झाकणारा स्वतःच्या खात्यावर हात मारतो, पोरी. यानं तुझं झाकलं. रविवारी त्यानं आकडे पाहिले असतील. मंद आहेत म्हटल्यावर काय झालं असेल, ते त्याला लगेच कळलं असेल. धावत आला. बघितलं, पुसलं." जजसाहेब तिच्याकडे वळले. "आणि आज सकाळी तू त्याला कारण विचारलंस."

ताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जजसाहेबांना दिसत नव्हतं, तरी झाकलं.

विक्रीवाला दारात उभा राहून सगळं ऐकत होता. घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, एक बोलू? मशीन तर राहिलंय. छोटूचीही तीच इच्छा होती. थोडे दिवस जाऊ द्या, मग त्याला गुपचूप परत घेऊ. कंपनीला कशाला कळायला हवं?"

क्षणभर, एकच क्षण, ताईला ते पटलं. किती सोयीचं होतं! मशीन राहणार, प्रोग्राम वेळेवर होणार, आंधळ्या माणसांचं भलं होणार, आणि तिची चूक छोटूच्या नावावर जमा होऊन विसरली जाणार. तिनं जजसाहेबांकडे पाहिलं.  नव्या मशीनचा सगळ्यात जास्त उपयोग होणार होता तो त्यांनाच, आणि ते काठीवर हनुवटी टेकून गप्प बसले होते.

तिनं फोन उचलला.

५

कंपनीचा माणूस सभ्य होता. तिनं सगळं सांगेपर्यंत तो मध्ये बोलला नाही.

"म्हणजे आकडे चुकून गेले," तो म्हणाला.

"हो. माझ्याकडून. माझ्या भावाचा काही संबंध नाही."

"बाई, खरं सांगू? असं आणखी दोघांचं झालंय. सामान हलवताना असलं काहीतरी येतं. तुम्ही सकाळीच एवढं कळवलं असतंत, तर एक तंबी देऊन विषय संपला असता." पुढचंही तो तितक्याच सभ्यपणे म्हणाला. "पण तुम्ही लिहून दिलंत, की दोषी सापडला. शहानिशा न करता एका माणसाचं नाव लिहून दिलंत. आता तुम्ही काहीही लिहून दिलंत, तरी आम्ही त्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

 मशीन केव्हा नेणार, एवढंच तिनं विचारलं.

"परवा सकाळी आमचा माणूस मशीन न्यायला येईल. सगळं पुसून ठेवा."

छोटू आईकडे राहायचा. दार आईनंच उघडलं. "ये गं! बरी उगवलीस. हा बघ, दुपारपासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. रजा घेतली म्हणे. कसली रजा दिलीस त्याला?"

त्यानं घरी काहीच सांगितलं नव्हतं. ताईला आईच्या डोळ्यांत बघवेना. ती चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

खोलीत जाऊन तिनं सगळं सांगितलं. छोटू उठून बसला, पण माफीचे शब्द त्याच्या कानात शिरलेच नसावेत. एकच गोष्ट शिरली.

"मशीन जाणार? कशाला फोन केलास मग? मी गप्प कशासाठी बसलो होतो?"

"माझ्यासाठी, छोटू. आणि मी..."

"तुझ्यासाठी कोण बसलंय! ते म्हातारे गृहस्थ उन्हातून काठी टेकत येतात, त्यांच्यासाठी बसलो होतो." त्याचा आवाज चढला आणि आई ऐकेल म्हणून लगेच उतरला. "पुसून आलो, तेव्हा ठरवलं होतं, आज तुला एकटीला गाठून सांगायचं. दोघं मिळून कंपनीला कळवू, हसू. मला वाटलं होतं, पत्र आलं तर तू आधी मला विचारशील. मी केलं की नाही, एवढंच. तू थेट कारण विचारलंस. सगळ्यांसमोर. मग म्हटलं जाऊ दे, हिच्या लेखी मी तसाच आहे."

"नाहीस रे."

"सकाळी होतो."

ताई रडली नाही. रडण्याचाही आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं. छोटूनं खुंटीवरचा शर्ट काढला.

"मधे उद्याचा अख्खा दिवस आहे ना?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मग इथे बसून काय करतेस?"

६

दुसऱ्या दिवशी तिघं मशीनला चिकटून बसले. जजसाहेब ऐकायचे, चूक सांगायचे, छोटू दुरुस्त करायचा, ताई सांगेल ते काम करायची. छोटू तिच्याशी कामापुरतं बोलत होता. ते दे. हे बंद कर. थांब. एकदा तिनं विचारलं, "चहा घेशील?" तर तो म्हणाला, "जजसाहेबांना विचार."

संध्याकाळपर्यंत प्रोग्राम बऱ्यापैकी धावायला लागला. दुभाष्या सुटला होता, आवाज बोटाबरोबर चालत होता. पण लांब मजकुरात मध्येच अडकायचा, आणि तो का अडकतो, ते सापडलं नाही. ते शोधायला आणखी थोडे दिवस मशीन हवं होतं. आता ते दुकानात येईल तेव्हाच मिळणार, आणि मग चूक सापडेपर्यंत विकत घेणाऱ्यांना अडखळतच ऐकावं लागणार.

"मी माझं जुनंच वापरीन," जजसाहेब म्हणाले. "माझी काळजी नको. बाकीच्यांची करा."

छोटूनं आपलं काम काढून घेतलं. मग मशीन पुसायची वेळ आली. ताईनं सवयीनं त्याच्याकडे पाहिलं. असली कामं नेहमी तोच करायचा.

तो खुर्चीवरून उठून बाजूला झाला. "या वेळी तुझं तूच पूस," तो म्हणाला.

ताई बसली. तिनं आज्ञा दिली. तो सावकाश, कोरडा आवाज म्हणाला, "या मशीनवरचं सगळं कायमचं जाईल. खात्री आहे का?"

 साधं मशीन. पुसण्याआधी एकदा विचारत होतं. ताईचा चेहरा कानापर्यंत तापला, आणि पाठीमागे उभ्या असलेल्या छोटूलाही तेच ऐकू गेलं असणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं होकार दिला. पडदा काळा झाला.

जजसाहेबांना खाली सोडायला छोटू निघाला. त्याची किल्ली सोमवारपासून टेबलावर तशीच पडली होती. ताईनं ती उचलून त्याच्यापुढे धरली. 

छोटूनं किल्लीकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "उद्या सकाळी मी दार वाजवीन. तू उघड."